गावांच्या नावांतली झाडं

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आपण बहुतेक वेळा कारखान्यांपासून सुरू करतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे हा पट्टा थेट चाकणपर्यंत गेला. गावांची नावं मात्र त्याहून फार जुनी. चिंच आणि वड मिळून चिंचवड, निगडी म्हणजे निर्गुडी, असं सांगतात. निव्वळ नावावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरं. पण ही झाडं इथल्या मुरमाड जमिनीत आणि उन्हात टिकतात, हे आजही पाहता येतं. चिंचेचं मूळ खोल जातं, निर्गुडीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

वसाहती वाढल्या तसा रस्त्याकडेला गुलमोहर आला, मूळचा मादागास्करचा. वाढतो झटपट, दिसतो सुंदर. पण मुळं उथळ, त्यामुळे वळवाच्या वादळात तो पडतो. आणि सावली हवी तेव्हा, ऐन चैत्रात, बोडका उभा असतो!

मग आपण चिंच, वड का लावत नाही? कारण त्यांना वेळ लागतो. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त हेच बजावलं होतं: झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात.

तेव्हा खड्डे उन्हाळ्यात खणावेत, रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावं, आळ्यात पालापाचोळा घालावा आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं. चाकणच्या नव्या रस्त्यांवर तीस वर्षांनी सावली असेल की नाही, ते याच दोन-तीन उन्हाळ्यांत ठरतं.