परतीचं टपाल

दूरशिक्षण म्हटलं की आज डोळ्यांपुढे मोबाईल येतो. आपण जरा मागे जाऊ. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर पत्र पोचवणारी टपालव्यवस्था सुरू झाली, आणि आयझॅक पिटमन या गृहस्थांनी तिचा लगेच उपयोग करून घेतला. ते लघुलिपीचे धडे कार्डावर पाठवत. विद्यार्थ्यानं बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून परत धाडायचा, तो तपासून पुन्हा विद्यार्थ्याकडे रवाना व्हायचा. धडा घरी येणं ही काही नवलाई नव्हे, पुस्तकं होतीच की! नवलाई होती ती तपासून परत आलेल्या कार्डाची.

पुढे १८५८मध्ये लंडन विद्यापीठानं आपल्या परीक्षा कॉलेजात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. पाऊल मोठंच. पण विद्यापीठ परीक्षा घेई, शिकण्याची सोय ज्याची त्यानं बघायची. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानं मात्र पिटमनचा धागा उचलला. १९६९ साली सनद मिळाली, १९७१च्या जानेवारीत अभ्यास सुरू झाला, प्रवेशाला आधीच्या पात्रतेची अट नव्हती. लोकांच्या लक्षात राहिले बीबीसीवरचे कार्यक्रम. आमच्या मते विद्यार्थी टिकले ते उत्तरांवर सविस्तर शेरे लिहिणाऱ्या अर्धवेळ शिक्षकांमुळे.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं १९६२मध्ये पत्राद्वारे पदवीची सोय केली. मग १९८२ साली हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ, १९८५मध्ये इग्नू, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागलं. शिक्षकाला तिथं ‘समंत्रक’ म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण व्याख्यान झोडणाऱ्याला जागेवर बसवणारा आहे.

आम्हीही काही वर्षं रविवारी एका तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रावर जात होतो. वर्गात एसटीचे कंडक्टर, पोलीस, अंगणवाडीच्या ताई, आणि नातवाला कडेवर घेऊन येणाऱ्या एक आजी. एका ताईंनी ‘कर्तव्य’ या विषयावरचा स्वाध्याय पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता. आम्ही लाल शाईत ‘नक्कल’ एवढंच लिहून वही परत केली. पुढचे दोन रविवार ताई आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी आजींनी त्यांना ओढूनच आणलं. म्हणाल्या, “सर, छापलेलं बदलायचं म्हणजे चूकच ना? शाळेत शब्द बदलला की मार्क जायचे.”

तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतलेल्या आम्हाला यावर चटकन उत्तर सुचलं नाही. ज्याला आम्ही लबाडी समजलो, तो बाईंचा प्रामाणिकपणा होता. आमच्या एका शब्दानं त्यांचं शिक्षण तिथंच संपलं असतं. मग प्रश्न बदलून दिला: तुमच्या अंगणवाडीत काय करावं असा पेच कधी पडला? पटावर नाव नसलेल्या पोराला खिचडी वाढावी का, यावर दीड पान आलं. शुद्धलेखन कच्चं, विचार त्यांचा स्वतःचा. त्याखाली आम्हीही अर्धं पान लिहिलं.

२०२०च्या मार्चनंतर सगळे वर्ग फोनवर गेले. आम्ही तोवर निवृत्त झालो होतो, बोलावलं म्हणून शिकवायला बसलो. घरात फोन एक आणि भावंडं तीन, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आमची चूक वेगळी. एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला आम्ही हातानं लिहिलेल्या टिपणांचे फोटो हौसेनं पाठवत राहिलो. त्याच्या फोनमधलं मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातलं अक्षरही वाचू शकत नव्हतं. तीन आठवडे तो बोलला नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. मग टिपणं टंकून पाठवू लागलो. तो उत्तरं बोलून पाठवी, आम्हीही शेरा बोलूनच देऊ लागलो, दोन-तीन मिनिटांचा. पहिल्याच शेऱ्यावर त्याचा उलट शेरा आला: “सर, मुद्दा कळला, पण तुम्ही फार भरभर बोलता.”