घेराव आणि मालक-कामगार संबंध (कोलकाता)

व्यवस्थापकाला किंवा अधिकाऱ्याला त्याच्या खोलीत, कारखान्याच्या आवारात किंवा फाटकापाशी कामगारांनी वेढून धरायचे आणि मागणी मान्य होईपर्यंत हलू द्यायचे नाही, या कृतीला घेराव म्हणतात. देशात ती इतरत्रही झाली, पण तिचे नाव कायमचे जोडले गेले ते कोलकात्याशी आणि १९६७ ते १९६९ या काळाशी. हा इतिहास सहसा कामगारांच्या बेशिस्तीचा म्हणून सांगितला जातो. तो तेवढाच नाही. तक्रार ऐकून निर्णय देणारे कोणी कारखान्यात नसले की काय होते, हे त्यात लख्ख दिसते. म्हणून माणसे कामाला ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा.

हुगळीकाठची पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये रिश्रा येथे सुरू झाली. पुढे नदीच्या दोन्ही तीरांवर गिरण्यांची रांग लागली. व्यवस्थापक बहुतेक स्कॉटिश, कामगार मोठ्या संख्येने बिहार, संयुक्त प्रांत आणि ओरिसातून आलेले. या दोघांच्या मध्ये उभा असे सरदार. भरती त्याच्या हातात, रजाही त्याच्याच मर्जीवर. काम मिळवायला आणि टिकवायला त्याला दस्तुरी, म्हणजे दलाली, द्यावी लागे. मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर तो हाच. साहेबाला कामगाराची भाषा येण्याची गरजच उरली नाही, आणि कामगाराचे गाऱ्हाणे सरदाराच्या पलीकडे पोहोचण्याची वाटही उरली नाही. बराहनगरच्या शशिपद बॅनर्जींनी १८७० मध्ये कामगारांसाठी संस्था काढली, १८७४ मध्ये ‘भारत श्रमजीवी’ हे मासिक सुरू केले. शिक्षण, बचत, व्यसनमुक्ती यांवर त्यांचा भर होता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी थेट मागणीचा रस्ता धरला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. मालकाने कामगारांच्या प्रतिनिधीला समोर बसवून ऐकणे म्हणजे काय, याचा आपल्याकडचा हा फार जुना दाखला आहे.

१९६६ सालच्या मंदीचा फटका कोलकाता-हावड्याच्या अभियांत्रिकी उद्योगाला जबर बसला. रेल्वेने वाघिणींची मागणी कमी केली आणि तिच्यावर जगणारे कारखाने अडचणीत आले. ले-ऑफ, कामगारकपात, थकलेले पगार, बोनसचे तंटे. वर धान्याची टंचाई. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये यावर तरतुदी होत्या. ले-ऑफच्या काळात निम्मे वेतन, कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून, आणि शेवटी आलेला आधी जाईल हा नियम. पण तंटा समेट अधिकाऱ्याकडून न्यायाधिकरणापर्यंत जायला आणि तिथून निवाडा यायला जो काळ लागे, तेवढा काळ रोजंदारीवरच्या घरात चूल थांबत नाही.

मार्च १९६७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त आघाडीचे सरकार आले. श्रममंत्री झाले सुबोध बॅनर्जी. २७ मार्चच्या परिपत्रकाने पोलिसांना सांगण्यात आले की, औद्योगिक संस्थेत घेराव पडला तर आधी श्रममंत्र्यांकडे विषय न्यावा आणि त्यांच्या आदेशाची वाट पाहावी. १२ जूनच्या दुसऱ्या परिपत्रकाने, घेराव हा रास्त कामगार चळवळीचा भाग आहे का हे आधी तपासण्यास सांगितले. परिणाम व्हायचा तोच झाला. घेराव कारखान्यांतून कचेऱ्यांपर्यंत आणि शिक्षणसंस्थांपर्यंत पसरले.

आत कोंडलेल्या माणसाचे हाल खरे होते. पंखे-दिवे बंद, अन्न नाही, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, शिवीगाळ, कधी मारहाण, कधी शौचालाही जाण्यास मज्जाव. ‘उषा’ शिवणयंत्रे आणि पंखे बनवणाऱ्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्य न्यायमूर्ती दीप नारायण सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील विशेष पीठाने सप्टेंबर १९६७ मध्ये दोन्ही परिपत्रके रद्द केली. न्यायालयाची भूमिका साधी आणि पक्की होती. संप, निदर्शने, सामुदायिक वाटाघाटी हे कामगारांचे हक्क आहेत. कामगार संघटना अधिनियम, १९२६ संघटनेला काही बाबतींत फौजदारी आणि दिवाणी संरक्षणही देत असे. पण माणसाला कोंडून ठेवणे हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेखालचा गुन्हा आहे, तो कामगाराने केला म्हणून गुन्हा राहत नाही असे नाही, आणि पोलिसांचे कायद्याने ठरलेले कर्तव्य मंत्र्याच्या परिपत्रकाने थांबवता येत नाही. हा निकाल योग्यच होता. त्याने घेराव मात्र संपले नाहीत. १९६९ मध्ये संयुक्त आघाडी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांची दुसरी लाट आली.

याच वर्षी राष्ट्रीय श्रम आयोगाचा अहवाल आला. अध्यक्ष होते सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर, माजी सरन्यायाधीश. कामगारांच्या बाजूचा विचार करणारे न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक होता. त्या आयोगानेही घेरावाला औद्योगिक निषेधाचे साधन मानले नाही. त्यात आर्थिक दबाव नसून शारीरिक बळजबरी असते, असे आयोगाचे म्हणणे होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित श्रम प्रथांविषयीच्या कायद्यात, आणि पुढे औद्योगिक विवाद अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत, संघटनांच्या अनुचित प्रथांमध्ये घेरावाचे नाव घेऊन उल्लेख झाला. दोन्हीकडे मालकांच्या अनुचित प्रथांची यादी तितक्याच ठसठशीतपणे दिली होती: संघटनेत गेल्याबद्दल त्रास देणे, मालकाच्या मर्जीतली संघटना उभी करणे, सूड म्हणून काढून टाकणे, वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे, प्रामाणिकपणे वाटाघाट न करणे. ही दुसरी यादी वाचल्याशिवाय पहिली समजत नाही.

कारण १९४७ च्या कायद्यात संवादाची जागा होतीच. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याचा आदेश सरकार देऊ शकत होते, आणि त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. कारखान्यातल्या कामाचे नियम लेखी ठरवून देणारा स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा. आरोपपत्र, खुलासा, खातेनिहाय चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी आणि मगच शिक्षा, हा क्रमही रूढ होता. पण अनेक ठिकाणी समित्या कागदावर राहिल्या, आणि ज्या अधिकाऱ्यासमोर कामगार उभा राही त्याला थकबाकी देण्याचा किंवा कपात मागे घेण्याचा अधिकारच नसे. कोंडला जाई तो हाच मधला माणूस. निर्णय घेणारे दूर, मुख्य कचेरीत. हा अन्याय दोन्ही बाजूंनी त्याच्यावर झाला, आणि मालकांना तो सहज टाळता आला असता: जागेवरच्या व्यवस्थापकाला काही रकमेपर्यंत, काही बाबींपुरता स्वतःच्या सहीने निर्णय घेऊ दिला असता, ताळेबंद आणि मागणीचे आकडे कपातीच्या नोटिशीआधी संघटनेपुढे ठेवले असते, तर बरेच काही वाचले असते.

पुढच्या दशकांत पारडे फिरले. पश्चिम बंगालमध्ये संपापेक्षा टाळेबंदीने अधिक श्रमदिवस बुडू लागले. ताग गिरण्यांत सकाळच्या पाळीला आलेल्या कामगाराला फाटकावर ‘काम स्थगित’ अशी नोटीस लावलेली दिसे. टाळेबंदीचेच हे दुसरे नाव. भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाची (ग्रॅच्युइटी) थकबाकी हे या गिरण्यांचे जुने दुखणे. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा त्याच्या खात्यात न भरणे याला अडचण म्हणता येत नाही. तो विश्वासघात आहे. घेरावाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या जय इंजिनिअरिंगच्या प्रिन्स अन्वर शाह रोडवरच्या जागेवर आता साउथ सिटी ही निवासी संकुल आणि मॉलची वसाहत आहे.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे: दोन्ही बाजूंचे सदस्य समान, एकूण दहापेक्षा जास्त नाहीत, महिलांना पुरेसे प्रतिनिधित्व, आणि अर्जावर तीस दिवसांत निर्णय. संपाप्रमाणेच टाळेबंदीलाही चौदा दिवसांची पूर्वसूचना लागते. मात्र स्थायी आदेशांची आणि कपातीपूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा तीनशे कामगारांवर नेल्याने हावड्यातले लहान ओतकाम आणि लेथचे कारखाने या संरक्षणाबाहेर राहतात. तिथे कामगाराशी कसे वागायचे हे बव्हंशी मालकाच्याच हाती आहे.