मुंबईतील जिमखाने

मुंबईतील जिमखाने ही प्रामुख्याने क्रिकेट व इतर मैदानी खेळांसाठी स्थापन झालेली सभासदांची मंडळे होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झालेले प्रमुख जिमखाने एकेका समाजापुरते मर्यादित होते. भारतीय क्रिकेटची पायाभरणी या संस्थांच्या मैदानांवर झाली. त्याचबरोबर मैदानावर कोणाचा हक्क आणि संघात कोणाला स्थान, हे वादही तेथेच लढले गेले.

शब्दाची व्युत्पत्ती

‘जिमखाना’ हा शब्द हिंदुस्तानी ‘गेंदखाना’ आणि इंग्रजी ‘जिम्नॅस्टिक’ यांच्या मिश्रणातून झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. मराठीत तो क्रीडामंडळ या अर्थाने रूढ झाला.

स्थापना

मुंबईत भारतीयांपैकी क्रिकेट प्रथम पारशी समाजाने स्वीकारले. पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 मध्ये स्थापन झाला. बॉम्बे जिमखान्याची स्थापना 1875 मध्ये झाली. आरंभी त्याचे सभासदत्व केवळ युरोपीयांना खुले होते. एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर भारतीय तरुण क्रिकेट खेळत, त्याच जागी युरोपीय पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या जात असल्याने भारतीय खेळाडूंनी सरकारकडे वारंवार अर्ज केले. या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदवली आहे.

पुढे भारतीयांच्या जिमखान्यांना केनेडी सी-फेस येथे, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हलगत, जागा मिळाल्या. पारशी जिमखाना (1885), इस्लाम जिमखाना (1892) व हिंदू जिमखाना (1894) यांची मैदाने आजही तेथे ओळीने आहेत. हिंदू जिमखान्यास परमानंददास जीवनदास यांचे नाव असल्याने तो ‘पी. जे. हिंदू जिमखाना’ म्हणून ओळखला जातो.

जमातवार सामने

युरोपीय व पारशी यांच्यातील सामने 1892 पासून नियमित होऊ लागले. 1907 मध्ये हिंदू संघ आल्यावर ही स्पर्धा तिरंगी, 1912 मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि 1937 मध्ये ‘इतर’ या नावाचा संघ आल्यावर पंचरंगी झाली. ‘इतर’ संघात ख्रिस्ती व अन्य समाजांचे खेळाडू असत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे या संघातून खेळले. 1943 मध्ये हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाच्या 387 धावांपैकी 309 धावा एकट्या हजारे यांच्या होत्या.

जातिभेद व पाळवणकर बंधू

डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू हे चांभार समाजातील होते. पुण्यात हिंदू संघातून खेळताना सहकारी त्यांचा चेंडू हाताळत, पण त्यांना चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपीयांवर मिळवलेल्या विजयात बाळू व त्यांचे बंधू शिवराम सहभागी होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळू यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर 1923 मध्ये विठ्ठल यांच्याकडे हिंदू संघाचे कर्णधारपद आले.

स्पर्धेचा शेवट

धर्मावर आधारित संघरचनेस वाढता विरोध होत गेला. डिसेंबर 1940 मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ महात्मा गांधींना भेटले असता त्यांनी अशा सामन्यांना स्पष्ट विरोध दर्शवला. स्पर्धेचे समर्थक मात्र तिची लोकप्रियता आणि सामन्यांतील खेळीमेळीचे वातावरण यांकडे बोट दाखवीत. 1945-46 च्या हंगामानंतर पंचरंगी स्पर्धा बंद पडली.

कांगा लीग

स्वातंत्र्योत्तर मुंबईतील क्लब क्रिकेटची सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे 1948 मध्ये सुरू झालेली कांगा लीग. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंचे सहकारी असलेले पारशी खेळाडू डॉ. होरमसजी कांगा यांचे नाव तिला देण्यात आले. ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू अनपेक्षितपणे वळतो किंवा उसळतो, आणि बाहेरच्या मैदानावरील वाढलेल्या गवतात जमिनीलगतचे फटके अडतात. त्यामुळे फलंदाजाच्या तंत्राची येथे खरी कसोटी लागते. संघ वेगवेगळ्या गटांत विभागलेले असून कामगिरीनुसार त्यांची वरच्या अथवा खालच्या गटात रवानगी होते. जुन्या जिमखान्यांबरोबरच शिवाजी पार्क जिमखाना, दादर युनियन अशा मध्यमवर्गीय वस्त्यांतील संस्थांना या स्पर्धेत मानाचे स्थान मिळाले. अजित वाडेकर शिवाजी पार्क जिमखान्याचे, तर सुनील गावसकर दादर युनियनचे खेळाडू होते.

वारसा व सद्यस्थिती

भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. इंग्लंडने तो जिंकला. मात्र लाला अमरनाथ यांनी त्यात भारतातर्फे पहिले कसोटी शतक (118) झळकावले. आज हे जिमखाने क्रीडासंस्थांबरोबरच सामाजिक क्लब म्हणूनही चालतात. मरीन ड्राइव्हलगतच्या जिमखान्यांच्या जागा सरकारी मालकीच्या असून भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. तेथील मैदाने लग्नसमारंभांसाठी भाड्याने देण्याच्या प्रथेवर वेळोवेळी टीका झाली आहे. मोकळ्या जागांची टंचाई असलेल्या शहरात मैदानावर पहिला हक्क कोणाचा, हा पोलोच्या काळातील प्रश्न त्यामुळे अद्याप पुरता सुटलेला नाही.