‘एटूए’ : एआय एजंटांच्या निरोपांची सुरक्षा

‘एजंट’ म्हटले की विम्याचा, रेल्वे तिकिटांचा किंवा आरटीओ कार्यालयाबाहेरचा माणूस डोळ्यांसमोर येतो. आपल्या वतीने दुसऱ्याकडे जाऊन काम करून आणणारा, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात अर्थ तोच राहिला असून माणसाच्या जागी संगणक प्रणाली आली आहे. एखाद्या कंपनीचा खरेदी एजंट पुरवठादाराच्या एजंटाकडून दरपत्रक मागवतो, दरांची तुलना करतो, प्रसंगी मागणीही नोंदवतो. अशा व्यवहारात तीन प्रश्न उभे राहतात. निरोप देणारा खरोखर कोण? निरोप वाटेत कुणी वाचला वा बदलला का? आणि त्यातील मजकूर कितपत मानायचा? ‘एजंट टू एजंट’ अर्थात ‘एटूए’ या संदेशपद्धतीत पहिल्या दोन प्रश्नांची बरीच सोय आहे. तिसऱ्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्यावरच राहते.

उगम

गुगलने ९ एप्रिल २०२५ रोजी ही पद्धती जाहीर केली. त्या वेळी ५० हून अधिक कंपन्या सोबत होत्या. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि एचसीएलटेक या भारतीय कंपन्यांचाही त्यात समावेश होता. जून २०२५ मध्ये तिचा कारभार ‘लिनक्स फाउंडेशन’कडे सोपवण्यात आला. निरनिराळ्या कंपन्यांनी घडवलेल्या एजंटांना संवादाची समान रीत मिळावी, हा तिचा हेतू आहे. एजंटाला आपली अंतर्गत स्मृती किंवा साधने समोरच्यापुढे उघड करावी लागत नाहीत.

ओळखपत्र

प्रत्येक एजंटाचे ‘एजंट कार्ड’ असते. एजंटाचे नाव, संपर्काचा पत्ता, त्याला येणारी कामे आणि प्रवेशासाठी लागणारा पुरावा यांची नोंद त्यात असते. जुलै २०२५ मधील ०.३ आवृत्तीत या कार्डावर डिजिटल स्वाक्षरी करण्याची सोय झाली. स्वाक्षरी खासगी किल्लीने केली जाते व सार्वजनिक किल्लीने तपासली जाते. त्यानंतर कार्डातील माहितीत फेरफार झाला, तर पडताळणीत तो उघडकीस येतो. मात्र ही स्वाक्षरी सक्तीची नाही.

निरोपाचा प्रवास

सोपवलेल्या प्रत्येक कामाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. काम मिळाले, सुरू आहे, आणखी माहिती हवी, पूर्ण झाले किंवा फसले, अशी त्याची अवस्था कळवली जाते. प्रत्यक्ष वापरात ही सारी वाहतूक ‘एचटीटीपीएस’वरूनच व्हावी, असा दंडक आहे. बँकांच्या संकेतस्थळांना संरक्षण देणारे ‘टीएलएस’ कूटलेखन ते हेच. ओळखीचे पुरावे निरोपाच्या मजकुरात लिहायचे नसतात. ते विनंतीच्या शीर्षभागातून जातात. पुरावा नसेल वा खोटा असेल, तर ४०१ हा संकेतांक परत येतो. पुरावा खरा पण त्या कामाचा अधिकार नसेल, तर ४०३ येतो.

मध्यस्थाची अडचण

‘टीएलएस’चे संरक्षण दोन संगणकांमधील एका टप्प्यापुरते असते. वाटेत तिसरा, समन्वय साधणारा एजंट असेल, तर निरोप त्याच्यापाशी उलगडतो आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा कूटबद्ध होतो. व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांना दिलेल्या ‘एण्ड टू एण्ड’ कूटलेखनात मधल्या सर्व्हरला संदेश वाचता येत नाही. ‘एटूए’मध्ये ती सोय अंगभूत नाही. गोपनीय मजकूर मध्यस्थापासून लपवायचा असेल, तर तो आधीच वेगळा कूटबद्ध करावा लागतो.

मजकुराचा धोका

लखोटा सीलबंद होता म्हणून आतले पत्र प्रामाणिक ठरत नाही. भाषेवर चालणाऱ्या प्रणालींना माहिती आणि आज्ञा यांतील फरक नेहमीच ओळखता येत नाही. मजकुरात दडवलेल्या आज्ञेने प्रणालीला भलतेच काम करायला लावण्याच्या या प्रकाराला सप्टेंबर २०२२ मध्ये ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव मिळाले. जून २०२५ मध्ये उघड झालेली ‘इकोलीक’ ही मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’मधील त्रुटी याच जातीची होती. एका साध्या ई-मेलमधील छुप्या सूचनांमुळे, वापरकर्त्याने कुठेही क्लिक न करता, कंपनीची माहिती बाहेर जाऊ शकत होती. ती त्रुटी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केली. ई-मेलऐवजी दुसऱ्या एजंटाचा निरोप आला, तरी धोका तोच राहतो.

दक्षता

त्यामुळे समोरचा एजंट ओळखीचा असला, तरी त्याचा निरोप माहिती म्हणूनच घ्यावा, हुकूम म्हणून नव्हे. एजंटाला हातातील कामापुरतेच आणि ठरावीक मुदतीचे अधिकार द्यावेत. पैसे देणे, नोंदी पुसणे किंवा कागदपत्रे बाहेर पाठवणे अशा कृतींपूर्वी माणसाची संमती बंधनकारक असावी. प्रत्येक निरोपाची तारीखवार नोंदही ठेवावी. व्यवहार फसला, तर कुणाच्या सांगण्यावरून काय घडले, याचा माग त्या नोंदीवरूनच काढता येतो.