चर्च-सदस्यत्व, न्यू इंग्लंडमधील

सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वसाहती करणाऱ्या प्यूरिटनांमध्ये रूढ असलेली, स्थानिक चर्चमध्ये विधिपूर्वक प्रवेश करण्याची पद्धत. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये पॅरिशच्या हद्दीत राहणारा जवळजवळ प्रत्येकजण आपोआपच चर्चचा मानला जाई. प्यूरिटनांना हे अमान्य होते. त्यांच्या मते ईश्वराशी व परस्परांशी करार करून एकत्र आलेल्या श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजेच चर्च होय.

मॅसॅचूसेट्समधील डेडहॅम गाव १६३६ मध्ये वसले. पण तेथे चर्च स्थापन होण्यास १६३८ साल उजाडले. मधल्या काळात रहिवासी एकमेकांच्या घरी जमून चर्च म्हणजे काय व त्यात कोणास घ्यावे, यांविषयी चर्चा करीत. अखेर आठ जणांनी करार केला व जॉन ॲलिन हे पहिले धर्मोपदेशक झाले. पुढे प्रवेशेच्छूस आपल्या अंतःकरणात ईश्वरी कृपेचे कार्य कसे घडले, हे सभासदांपुढे निवेदन करावे लागे. उपासनेस हजर राहणे व धर्मोपदेशकाच्या वेतनाचा भार उचलणे वसाहतीत सर्वांनाच सक्तीचे होते. सभासदत्वाने मिळे ते याहून निराळे : प्रभुभोजनाचा अधिकार, मुलांना बाप्तिस्मा आणि पुरुषांना चर्चच्या कारभारात मत. १६३१ पासून वसाहतीतील मताधिकारही पुरुष सभासदांपुरताच मर्यादित होता. स्त्रियांना सभासदत्व मिळे, मत मात्र नसे. सभासदावर चर्चची शिस्तही चाले. ॲन हचिन्सन यांना बॉस्टन चर्चने १६३८ मध्ये बहिष्कृत केले.

दुसऱ्या पिढीतील अनेकजण बाप्तिस्मा होऊनही पूर्ण सभासद झाले नाहीत. ही निव्वळ उदासीनता नव्हती. अपात्र असून प्रभुभोजन घेण्याचे भय पुष्कळांना होते. त्यांच्या मुलांचा प्रश्न निघाला, तेव्हा १६६२ च्या धर्मपरिषदेने तोड काढली : सदाचारी बाप्तिस्मित व्यक्तीने करार मान्य केल्यास तिच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा; प्रभुभोजन व मत मात्र देऊ नये. विरोधकांनी पुढे तिला ‘अर्धा करार’ म्हणून हिणविले.

१६९१ च्या सनदेने मताधिकाराचा आधार मालमत्ता हा ठरविला. सभासदत्वाचा राजकीय लाभ असा संपला, तरी त्याचे मोल संपले नाही. नॉर्दॅम्प्टन येथे जोनाथन एडवर्ड्‌स यांनी प्रवेशाच्या अटी पुन्हा कडक करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्याच चर्चने १७५० मध्ये त्यांना पदच्युत केले.

डेडहॅमचा वाद अधिक मूलगामी होता. कर देणाऱ्या पॅरिशने १८१८ मध्ये उदारमतवादी धर्मोपदेशक निवडला. बहुसंख्य सभासदांनी विरोध करून फारकत घेतली. पॅरिशपासून अलग झालेल्या सभासदांना कायद्याच्या दृष्टीने चर्च म्हणून अस्तित्व नाही व मालमत्ता पॅरिशबरोबर राहिलेल्यांचीच, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२० मध्ये दिला. आठ जणांच्या करारातून उभे राहिलेले चर्च आता करदात्यांच्या बहुमतावर अवलंबून ठरले. बाहेर पडलेल्यांनी मात्र मालमत्तेवाचून आपला समुदाय टिकविला आणि जुन्या उपासनागृहाजवळच नवे बांधले. त्याला पुढे ॲलिन यांचे नाव मिळाले. धर्मोपदेशकांसाठीचा सक्तीचा कर राज्याने १८३३ मध्ये रद्द केला.