तळघरातलं वेळापत्रक

खेळातल्या आगगाडीचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चावीचं, वाफेचं, मग विजेचं. मला त्यात फारसा रस वाटत नाही. एखाद्याच्या घरी संध्याकाळी सात-आठ मोठी माणसं जमतात. एक जण कंट्रोलर होतो, दुसरा यार्ड सांभाळतो, तिसरा मालगाडी घेऊन निघतो, आणि सगळे मिळून दोन तास एका खोट्या घड्याळाच्या तालावर घाम गाळतात. ही रीत आली कुठून, हे शोधायला जास्त मजा येते. कारण मुळात ही गाडी एकट्याची होती.

एकट्याची, आणि तीही राजघराण्यातल्या एकट्याची. पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या बागेत तिसऱ्या नेपोलियनच्या लहानग्या मुलासाठी रूळ मांडले होते, त्याचं 1859 मधलं छायाचित्र उपलब्ध आहे. आपल्याला जवळचं उदाहरण ग्वाल्हेरचं. माधवराव शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरते. ती 1906 च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीनं घडवली. पाहुण्यानं डब्यातली मद्याची सुरई उचलली की गाडी थांबते, जागेवर ठेवली की पुन्हा निघते. थाट मोठा खरा, पण चालवणार यजमान आणि पाहुण्यांनी फक्त कौतुक करायचं.

सर्वसामान्य घरात गाडी आणली ती ग्योपिंगेन गावच्या मेर्क्लिन या जर्मन कंपनीनं. बाहुलीच्या संसाराची पत्र्याची भांडीकुंडी करणारी ही मंडळी. भातुकलीचं एक मर्म त्यांना पक्कं ठाऊक होतं: आज चूल घेणारं गिऱ्हाईक उद्या परातीसाठी परत येतं. 1891 मध्ये लायप्झिगच्या जत्रेत त्यांनी इंग्रजी आठच्या आकारात जोडता येणारे रूळ मांडले आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. एक नंबर म्हणजे 45 मिलिमीटर. पुढे त्याहून लहान 32 मिलिमीटरचं माप आलं, त्याला शून्य म्हणू लागले. त्याच्या निम्म्याच्या आसपासचं, 16.5 मिलिमीटरचं माप आजही घरोघरी सर्वांत जास्त चालतं.

या क्रमांकांमागे हेतू धंद्याचा होता. पण माप ठरलं म्हणजे माझ्या गाडीला तुझ्या रुळावर धावता यायला हवं, ही अपेक्षाही त्याच दिवशी जन्मली. ती पुरी व्हायला मात्र चाळीसहून अधिक वर्षं गेली. रुळाची रुंदी जुळली तरी चाकाची कड कोणाची जाड तर कोणाची बारीक, आणि डबे जोडायचा आकडा तर ज्याचा त्याचा निराळा. मित्रानं हौसेनं आणलेली वाघीण सांध्यावर रुळावरून घसरायची, नाहीतर इंजिनाला जोडलीच जायची नाही. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब 1910 चा. असे क्लब निघण्यामागे जागेची अडचण होतीच, पण सगळ्यांनी एका मापानं बांधावं ही गरजही होती.

अमेरिकेत या गरजेची संघटनाच झाली. मिलवॉकी शहरात 1934 मध्ये अल काल्मबाक यांनी या छंदाला वाहिलेलं ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक काढलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. चाकाची कड केवढी, दोन चाकांत अंतर किती, सांध्यात फट किती, याची प्रमाणं त्यांनी ठरवली. ती तपासायची धातूची छोटी पट्टी आजही छंदिष्टांच्या खणात सापडते. या खेळाच्या इतिहासात कोणत्याही इंजिनापेक्षा मी या पट्टीला वरची जागा देईन. तिच्याशिवाय दुसऱ्याचा डबा आपल्या रुळावर धावणं अशक्यच होतं.

बरं, डबे धावू लागले. पण मित्रांनी करायचं काय? गोल फिरणारी गाडी पाचव्या फेरीनंतर कंटाळा आणते, हे ती चालवणारा कबूल करत नाही इतकंच. यावर न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी तोड काढली. त्यांच्या घरच्या मांडणीचं नाव डेल्टा लाइन्स. 1944 मध्ये ‘मॉडेल रेलरोडर’मधून त्यांनी लेखमाला लिहिली. रूळ म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे संहिता, असा त्यांचा विचार होता. गाडीला काम द्या. अमुक कारखान्यातून भरलेली वाघीण उचलायची, रिकामी सोडायची, आणि समोरून एक्स्प्रेस यायच्या आत बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं. एवढं सगळं एका माणसाच्या दोन हातांत मावत नाही. मित्रांची गरज पडते ती इथे.

मग वेळेचं कोडं आलं. छोट्या गाड्यांचं रूढ प्रमाण 1:87. त्या हिशेबानं मुंबई–पुण्याचे 192 किलोमीटर मांडायचे तर सुमारे 2.2 किलोमीटर रूळ लागतील. मांडणी ज्यात बसवायची ते तळघर असतं पंधरा-वीस पावलांचं. दोन स्टेशनांमधलं अंतर गाडी अर्ध्या मिनिटात तोडते, मग उशीर कशाला म्हणायचं आणि लवकर कशाला? उपाय म्हणून भिंतीवर पळतं घड्याळ लागलं. ते बारापट वेगानं पळवलं की अर्ध्या मिनिटाची सहा मिनिटं होतात आणि दोन तासांत अख्खा दिवस उरकतो. पुढे मालाच्या चिठ्ठ्या आल्या. डग स्मिथ यांनी 1961 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, त्याच्या खिशात माल कुठे न्यायचा ती चिठ्ठी. घरमालकानं चिठ्ठ्या बदलायच्या आणि मित्रांनी शंटिंग करत बसायचं.

हा सगळा खेळ ऐन रंगात पाहायला मिळायचा तो कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला, जॉन ॲलन यांच्या तळघरात. पेशानं छायाचित्रकार असलेल्या ॲलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारले आणि डब्यांवर गंज, काजळी, धूळ रंगवली. पण गाड्या चालवायला मित्रांचा ताफा लागायचा, आणि नियम खऱ्या रेल्वेचे. थट्टाही होतीच: शंटिंगच्या इंजिनांच्या यादीत एक स्टेगोसॉरस डायनासोर होता, एम्मा नावाचा. ॲलन जानेवारी 1973 मध्ये वारले आणि दहाच दिवसांनी लागलेल्या आगीत मांडणी जवळजवळ सगळी खाक झाली. राहिली ती छायाचित्रं, आणि त्यांनी रचलेलं शंटिंगचं एक कोडं. ते लोक अजून सोडवतात.

मित्रच नसतील तर? इंग्लंडचे धर्मगुरू पीटर डेनी यांच्या ‘बकिंगहॅम’ या मांडणीवर समोरच्या स्टेशनातून घंटेच्या खुणांना उत्तर देणारा साथीदार लागे. ते काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन करायचा. तो हाताशी नसे तेव्हासाठी डेनींनी त्याच्या जागी काम करणारं यंत्रच बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. तिकडे अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब टेलिफोनचे रिले जोडून टेबलाखाली तारांचं जंगल उभारत होता. 1962 च्या ‘स्पेसवॉर’ या संगणकीय खेळासाठी हाताने चालवायच्या पेट्या केल्या गेल्या, त्याचे सुटे भाग याच क्लबच्या सामानातले.

मापावरून भांडणंही झाली. ब्रिटिश इंजिनं मुळात लहान, त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या विजेच्या मोटारी त्यांच्या प्रतिकृतींत मावेनात. म्हणून तिथल्या कारखानदारांनी गाडीचं प्रमाण वाढवलं आणि रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचेच ठेवले. गाडी रुळांपेक्षा ऐसपैस दिसू लागली. ते डोळ्यांना खुपणाऱ्यांनी 1960 च्या दशकात 18.83 मिलिमीटरचा हट्ट धरला. सव्वादोन मिलिमीटरवरून दोस्तांच्या गाड्या पुन्हा एकमेकांच्या रुळांना पारख्या झाल्या. हट्ट योग्यच होता, किंमत जरा जास्त पडली.

ज्यांच्याकडे तळघर नाही त्यांची सोय 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एनट्रॅक मंडळींनी केली. माप 9 मिलिमीटरचं. प्रत्येकानं आपापल्या घरी चार फूट बाय दोन फुटांचा तुकडा बांधायचा, त्यावर डोंगर करा नाहीतर बंदर. काठाशी तीन रूळ मात्र ठरल्या जागीच येतील. जमायच्या दिवशी तुकडे जोडले की सभागृहभर मार्ग तयार.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी 1998 मध्ये खुलं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय वर सांगितलेल्या 1:87 प्रमाणाचं आहे. मुलांना घेऊन जाच, पण ते पाहण्याचं ठिकाण. चालवायची हौस आली तर दुकानात जाण्याआधी दोन मित्रांना गाठा आणि रुळाचं माप तिघांनी मिळून ठरवा. इंजिन नंतर घेता येईल.