दिवा लागला नाही, म्हणजे काय?

मंडळी, आजच्या विषयाचं मुख्य साधन वायरमनच्या वरच्या खिशात खोचलेलं असतं. टेस्टर. पण घरातली वीज तपासण्याचा इतिहास सांगायचा तर टेस्टरच्या आधी माणसाचं बोट होतं, आणि सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

हेन्री कॅव्हेंडिश हा इंग्रज शास्त्रज्ञ 1770च्या दशकात मिठाच्या पाण्यातून वीज किती सहज वाहते हे तपासत होता. मोजायला यंत्र नव्हतं. म्हणून तो झटका स्वतःच्या अंगातून जाऊ द्यायचा आणि हा जोराचा की मघाचा, अशी तुलना करायचा. त्याची ही टिपणं मॅक्सवेलने 1879 साली प्रसिद्ध केली. शरीर हेच मापक, ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. टेरेल क्रॉफ्टचं ‘अमेरिकन इलेक्ट्रिशियन्स हँडबुक’ कारागिरांत मान असलेलं पुस्तक. त्यात बोटं लावून तारेत वीज आहे का हे बघण्याची रीत दिली होती, आणि अगदी कमी दाबासाठी तर जीभ! आपल्याकडे उलट्या हाताने चाचपायची सवय होती. सरळ पंजाने धरलं तर स्नायू आखडून मूठ मिटते आणि तार सुटत नाही, हा त्यामागचा विचार. विचार बरोबर, रीत जीवघेणी. ओल्या फरशीवर उलटा हात कुणाला वाचवत नाही. आणि आपल्या घरांत अजूनही ‘फ्रिज करंट मारतो’ म्हणून पुढे पाट टाकतात, तोही या इतिहासाचाच भाग आहे. दोष बरोबर ओळखला, आणि तो तसाच ठेवून आपण पाटावर उभे राहिलो.

निऑन वायू रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 साली लंडनमध्ये शोधला. त्याचा छोटा मिणमिणता दिवा अमेरिकेत मूर याने 1917 साली केला, आणि पुढे तो स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यात जाऊन बसला. आत दिव्याला जोडून एक मोठा रोध असतो, साधारण एक मेगओहमचा. टोक तारेला, बोट मागच्या टोपीला. की वीज दिव्यातून, रोधातून आणि आपल्या अंगातून जमिनीकडे जाते. प्रवाह एक मिलिअँपिअरपेक्षा बराच कमी, म्हणून जाणवत नाही. पण म्हणजे बघा, टेस्टरने शरीराला रजा दिलीच नाही. कॅव्हेंडिश अजून मंडळात उभा आहे, फक्त त्याला झटका बसत नाही.

आता खरा प्रश्न. टेस्टर पेटला, तर तारेत वीज आहे असं आपण म्हणतो. पेटला नाही, तर? वीज नसेल. किंवा टेस्टरचा दिवा गेला असेल. किंवा वायरमन प्लास्टिकच्या स्टुलावर, रबरी चप्पल घालून, भर उन्हात उभा असेल आणि मंद उजेड दिसला नसेल. तीन कारणं, आणि दिसतं एकच: अंधार.

आपल्या दर्शनांत यावर मोठा वाद झालेला आहे. न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होऊ शकतं का? कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे वेगळं प्रमाण मानलं, पण अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. ही योग्यानुपलब्धी. चांगला वायरमन हेच करतो. आधी चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर लावून तो पेटतो हे बघतो, मग संशयित तार तपासतो, आणि हात घालण्याआधी पुन्हा एकदा चालू पॉइंटवर जातो. मीमांसा त्याने वाचलेली नसते, पण तिची अट तो पाळतो. घाईत असलेला माणूस पाळत नाही, आणि अपघात तिथे होतो.

पेटलेला टेस्टरही चकवतो. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि पंखा मात्र फिरत नाही, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असतो, आणि चालू ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज फिरून न्यूट्रलच्या तारेवर येतो. इथे टेस्टर निरुपयोगी. इथे टेस्ट लॅम्प लागतो: होल्डर, दोन वायरी, 100 वॉटचा बल्ब. तो खराखुरा प्रवाह मागतो, त्यामुळे नुसत्या भासाने पेटत नाही. म्हणून तर अनेक वायरमन जुना तारेचा बल्ब अजून जपून ठेवतात. एलईडी या कामाचा नाही, तो जराशा गळतीवरही मिणमिणतो.

फेज आणि अर्थिंगमध्ये हा बल्ब लावला आणि लख्ख लागला तर अर्थिंगची तार निदान शाबूत आहे. मंद लागला तर वाट कमजोर, कदाचित मीठ-कोळशाचा खड्डा सुकलाय. लागलाच नाही तर तिसरं भोक शोभेचं. टेस्टर मात्र अर्थिंग आहे की नाही हे सांगूच शकत नाही, आणि गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांच्यापाशी जीव वाचतो तो अर्थिंगवर.

पूर्वी वायर लाकडी पट्टीवर, पत्र्याच्या क्लिपांत, डोळ्यांसमोर असायची. रबर सुकलं, तडकलं तर दिसायचं. कन्सील वायरिंग आली आणि डोळ्यांची तपासणी संपली. भिंतीतलं इन्शुलेशन तपासायला मेगर आहे. एव्हरशेड यांच्या कंपनीने हे नाव 1903 साली नोंदवलं. हँडल फिरवायचं, 500 व्होल्टचा दाब द्यायचा, आणि किमान एक मेगओहम यायला हवा. भारतीय वीज नियम 1956 मध्ये जोडणीआधी तपासणी होती, आणि पुढे दर 5 वर्षांच्या आत पुन्हा तपासणीही होती. आपल्यापैकी किती जणांच्या घरी या पाच वर्षांच्या तपासणीला कुणी आलं होतं? हात वर करा. (सभागृहात हशा.) जोडणीच्या वेळचा टेस्ट रिपोर्ट मात्र प्रत्येकाचा आहे, सहीशिक्क्यासह. त्यावर ‘दोष आढळला नाही’ असा अर्थ निघतो. शोधला होता का, हे कागद सांगत नाही. अनुपलब्धी आहे, योग्यता नाही.

त्याच नियमांत पुढे 61-अ आला: गळती होताच वीज तोडणारं उपकरण बसवा. पण 5 किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या वगळल्या होत्या. म्हणजे चाळी, दोन खोल्यांची घरं, मोरीतच सगळं चालणारी घरं. धोका कुठे जास्त, हे आम्ही इथे वेगळं सांगत नाही.

आज ते उपकरण पुष्कळ घरांत आहे. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की उपकरण खटका पाडतं की नाही एवढंच कळतं; भिंतीतली अर्थिंगची तार आहे की तुटली, हे त्या बटणाला माहीत नसतं. आणि लोकांची तक्रार वेगळीच असते: ‘सारखं ट्रिप होतं हो!’ मग कुणीतरी ते बायपास करून देतो, शंभर-दोनशे रुपये घेतो, आणि घरात शांतता होते. खरं काम तासाभराचं आहे. सगळे एमसीबी पाडायचे, एकेक उचलत जायचं, कुठल्या ओळीवर खटका पडतो ते बघायचं, मग त्या ओळीवरचं एकेक उपकरण काढायचं. तरीही नाही सापडलं, तर मेगर लावायचा.